खरूज कुणी आणली

जेवताना मुलीचा हात पुन्हा बोटांच्या बेचक्यात गेला आणि सिस्टरचा घास हातातच राहिला. डास चावले असतील, असं आठवडाभर तीच सगळ्यांना सांगत होती. आता तिने मुलीचा हात दिव्याखाली धरला. बेचक्यात बारीक पुटकुळ्या होत्या, आणि मनगटावर पेन्सिलीने ओढावी तशी करडी, वेडीवाकडी रेघ. अशा रेघा ती रोज बघायची, पण परक्यांच्या हातांवर.

ती मोठ्या दवाखान्यात त्वचेच्या विभागात परिचारिका होती. जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, कुठलं मलम कसं लावायचं ते माणसांना दहादा समजावून सांगायचं, हे तिचं काम. गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. सासूबाईही म्हणत, पण फक्त रागावल्या की.

"खरूज आहे," ती म्हणाली.

सासूबाईंनी कंबर खाजवता खाजवता हात थांबवला. "दवाखान्यातून आणलीस ना, सिस्टर?"

हातमोजे ती कधी विसरत नसे, पण एखाद्या दिवशी विसरलीही असेल, कोण जाणे. तिने फक्त पुढचं सांगितलं. हा घाणीचा आजार नाही, कातडीत बीळ करून राहणारा किडा आहे, डोळ्यांना न दिसणारा. अंगाला अंग लागलं की तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. खाज असो वा नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत मलम लावायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी आंघोळ करून कपडे-चादरी गरम पाण्यात घालायच्या. आठवड्याने पुन्हा तेच.

"म्हणजे एक जण सुटला तर सगळे बुडाले," तिचा नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका दोरावर लटकलेल्यांची गोष्ट त्याला लगेच कळली. सासरे मात्र ताटावरून नजर न उचलता म्हणाले की त्यांना काहीच होत नाही. तरी मलम त्यांनी मुकाट्याने, आतल्या खोलीत जाऊन स्वतःच लावलं. निवृत्त होईपर्यंत घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बोलणंही किल्ली दिल्याइतकंच.

चादरी वाळत घालायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी त्या गॅलरीत टाकू दिल्या नाहीत. सगळं घर ओल्या कापडांनी भरलं. खरूज म्हटलं की लोक नाक मुरडतात, आणि शेजारीण तर एका शिंकेवरून सर्दीचं कुळ सांगणारी.

खाज ओसरली. किडे मेले तरी दोन-तीन आठवडे अंग चुरचुरतं, हे सिस्टरने आधीच बजावलं होतं, म्हणून सगळ्यांनी कळ काढली. पण महिना उलटला आणि मुलीच्या पोटावर ताज्या पुटकुळ्या उठल्या.

तेव्हापासून सिस्टरला चैन पडेना. कामावर ती प्रत्येक रुग्णाच्या हातांकडे संशयाने बघू लागली. गणवेश तिथेच बदलायचा, घरी आल्याबरोबर आंघोळ, आणि मुलगी धावत आली की दोन्ही हात मागे. ती वेगळी निजू लागली. मुलगी रुसली, मग तिने आईकडे यायचंच सोडलं, आणि ते सिस्टरला खाजेपेक्षा जास्त बोचलं. सासूबाई नुसत्या तिच्या पिशवीकडे बघत. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे तर न खाता सगळे खवखवत होते.

एका सुट्टीच्या सकाळी सासरे तिच्यापुढे चहाचा कप ठेवायला वाकले आणि त्यांची बाही वर सरकली. हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, खाजवून जाड झालेली, काळवंडलेली कातडी होती. हे काल-परवाचं नव्हतं. घरात सगळ्यांच्या आधी यांना झालं होतं. पण हा माणूस घरात नातीखेरीज कुणाच्या जवळ बसत नाही, दुपारी वाचनालयात जातो, दिवेलागणीला परत येतो. मग पुरळ नेमकं तिथे कसं? तसं पुरळ तिने वॉर्डातल्या मावश्यांच्या हातांवर पाहिलं होतं, दिवसभर माणसं उचलून ठेवणाऱ्यांच्या.

ती गॅलरीत त्यांच्यामागे गेली. "बाबा, तुम्ही कुणाला उचलता?"

त्यांनी बाही मनगटापर्यंत खाली ओढली. मग म्हणाले, "धाकट्याला."

धाकट्या काकांचं, सासऱ्यांच्या पाठच्या भावाचं, नाव या घरात निघत नसे. सासऱ्यांची आई खाटेला खिळली, पाठीला जखमा झाल्या, तेव्हा हा धाकटा एका संध्याकाळी घरातून निघून गेला तो थेट तिला स्मशानात पोचवायलाच आला. तोपर्यंत म्हातारीला कुशीवर वळवणं, जखमा पुसणं, चादरी उपसणं, सगळं सासूबाईंनी एकट्याने केलं. तेव्हापासून दीर त्यांच्या लेखी मेला होता.

आता तोच अर्धांगवायूने पडला होता, एका बंद छापखान्यामागच्या खोलीत. बायको-मुलं नव्हती. शेजारची बाई जेवण ठेवून जायची. सासरे रोज दुपारी जात, त्याला उचलत, पुसत, कपडे बदलत, आणि वाचनालयातून आल्यासारखे घरी येत.

"हिला सांगू नकोस," ते म्हणाले.

"त्यांना औषध लागल्याशिवाय आपल्या घरातून हे जाणार नाही, बाबा."

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर गेली. खोलीत शाईचा जुना वास होता आणि त्याच्या वर दुसरा. काकांच्या हातांवर चुन्यासारख्या जाड खपल्या बसल्या होत्या. माकडहाडाशी तळहाताएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. सासऱ्यांनी मोठ्या मायेने त्यांच्याखाली रबराची फुगवलेली चकती ठेवली होती. तिने ती काढून घेतली. अशा चकतीने भोवतीचं रक्त अडतं आणि जखम उलट खोल जाते. मिठाच्या निर्जंतुक पाण्याने तिने जखम धुतली, पट्टी लावली, पाठीशी उशी देऊन त्यांना एका कुशीवर टेकवलं, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली घडी सरकवली. विभागातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, खपल्यांची खरूज नुसत्या मलमाने हटणार नाही, गोळ्याही द्याव्या लागतील, येऊन बघतो.

काका सगळा वेळ भिंतीकडे बघत होते. एकदाच विचारलं, "वहिनीला ठाऊक आहे?"

ती दोघं घरी आली तेव्हा सासूबाई दारातच होत्या. त्यांनी सुनेची पिशवी घ्यायला हात पुढे केला आणि तो मध्येच राहिला. नाकपुड्या हलल्या.

"हा वास मी ओळखते," त्या म्हणाल्या. "कुणाची पाठ आहे?"

सिस्टरने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी चप्पल काढली, सरळ ठेवली आणि म्हणाले, "धाकट्याची."

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळभर डबे खाली निघत होते आणि पुन्हा वर चढत होते. मुलगी दोनदा आत डोकावून परत आली. नवरा म्हणाला, मी बोलू का. सिस्टर म्हणाली, आत्ता नको. तिला स्वतःलाही एका जागी बसवत नव्हतं.

सकाळी सासूबाई बाहेर जायचे कपडे घालून आल्या. "चल," त्या सुनेला म्हणाल्या. सासऱ्यांना त्यांनी विचारलंही नाही. ते आपणहून मागे निघाले.

खोलीच्या उंबऱ्यावर त्या थांबल्या. काकांनी त्यांना पाहिलं आणि चांगल्या हाताने चादर तोंडावर ओढायचा प्रयत्न केला. ती निम्म्यावरच अडकली.

"वहिनी, मला तो वास सहन झाला नाही," ते म्हणाले.

"मलाही होत नव्हता."

सासूबाईंनी सुनेकडून हातमोजे मागून घेतले, ते चढवायला त्यांना वेळ लागला. "भाऊजी, कूस बदला. हिला पाठ बघू द्या," असं म्हणत त्यांनी दिराच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातला आणि त्याला असं अलगद वळवलं की सिस्टर बघतच राहिली. त्या दिवशी दोन्ही घरांत औषध लागलं. काकांच्या बोटाबोटांत, नखांखाली, डोक्यालासुद्धा; पायांना सासूबाईंनी लावलं.

माफी वगैरे कुणाला मिळाली नाही. परतताना सासूबाईंनी नवऱ्याला रस्ताभर सुनावलं, एवढे दिवस ताकास तूर लागू दिली नाहीत म्हणून. सुनेला म्हणाल्या, "तुझ्यावर उगाच आळ घेतला मी." एवढंच, आणि विषय बदलला.

डॉक्टर येऊन गेले, गोळ्या सुरू झाल्या, मलमाच्या आणखी फेऱ्या झाल्या. या वेळी खाज गेली ती गेली. मुलगी आईला पुन्हा बिलगायला लागली, आधी जरा भाव खाऊन. जखम मात्र हट्टी निघाली. काळं निघालं, खाली लाल मांस दिसू लागलं, पण भरायला महिने लागणार होते, आणि पूर्ण भरेल असं सिस्टरने कुणालाच सांगितलं नाही.

सासूबाई एक दिवसाआड जाऊ लागल्या. तिथे त्या दिराशी फारसं बोलत नसत. जेवणात मीठ बरोबर होतं का, एवढंच. पण ज्या दिवशी जायचं नसे त्या दिवशी घरात त्यांना बसवत नसे. खिडकीशी जात, परत येत, ते दिराला कुशीवर वळवतात की नुसते बाजूला बसून राहतात म्हणून नवऱ्याच्या नावाने पुटपुटत. अशाच एका दुपारी सिस्टर कामावरून लवकर आली, तर त्या दारात पायात चपला सरकवत होत्या.

"आज बाबांची पाळी आहे ना, आई?"

"त्यांना टाचांचं लक्षात राहत नाही," म्हणत त्या जिना उतरू लागल्या.