बाजरीतल्या सासूबाई

मी पळसदरीजवळच्या शाळेत शिकवते. भातलावणीवरचा एक धडा मी स्वतः लिहिला आणि चित्रही काढलं. चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या माझ्या सासूबाई, सुंदराबाई. शिक्षकांच्या वेबसाइटवर धडा टाकताना अट मीच निवडली होती: कुणीही घ्या, हवा तसा बदला, फक्त माझं नाव ठेवा.

काल कर्जतच्या प्रशिक्षणात तोच धडा पडद्यावर आला. भाताच्या जागी बाजरी! कुठल्यातरी दुष्काळी तालुक्यातल्या बाईंनी चिखल पुसून तिथं भेगाळलेली जमीन रंगवली होती. सासूबाई मात्र तशाच वाकलेल्या. खाली ठळक अक्षरांत माझं नाव.

माझं डोकंच फिरलं. बाजरी पेरतात, अशी वाकून लावतात काय?

"यांना कुणी सांगितलं होतं हात लावायला?" मी शेजारी बसलेल्या धनेश सरांवर खेकसले.

"तुम्हीच," ते म्हणाले.

आता चिडायचं तरी कुणावर? धडा माझा म्हणावा, तर बाजरी माझी नाही. त्यांचा म्हणावा, तर सासू माझी!

घरी आल्या आल्या सासूबाईंसमोर मोबाइल धरला. "आई, बघा, तुम्हाला कुठं नेऊन ठेवलंय!"

चित्राखाली त्या बाईंनी मुलांसाठी एक नवा प्रश्नही घातला होता. तो मी तणतणतच वाचून दाखवला, "आजी वाकून काय शोधत आहेत?"

सासूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन त्या भेगा बघितल्या.

"पानी गं," त्या म्हणाल्या. "दुसरं काय शोधनार तिथं?"