तेविसावी ओळ

पेनाच्या टोपणाची पट्टी चावून चावून दोन मिलिमीटर तरी आत वाकली होती. प्रशिक्षकांनी राष्ट्रीय फुटबॉल संघाची बावीस नावं सकाळीच लिहून टाकली होती. तेविसावी ओळ कोरी होती. यादी पाचला जाहीर करायची, आणि आता साडेचार वाजले होते.

ती जागा तरुण स्ट्रायकरची. दावेदार दोघे: उंचीमुळे सगळे ज्याला 'शिडी' म्हणत तो, आणि प्रशिक्षकांचा सख्खा भाचा. गेल्या वर्षी त्यांनी भाच्याला दोनदा वगळलं होतं. मामाने वशिला लावला असं कुणी म्हणायला नको. तेव्हापासून ताई फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायची.

या खेपेला त्यांनी संघाच्या डॉक्टरबाईंना एक काम दिलं होतं. सरावसामन्यात दोघं गोलसमोर कुठे कुठे पोचतात, ते कागदावर नुसत्या ठिपक्यांनी दाखवायचं. नावं नाहीत, फक्त 'अ' आणि 'ब'. तीन आठवडे प्रशिक्षक दर शनिवारी दोन कागदांतला एक निवडत आले होते.

निवडलेले कागद कुणाचे, ते लिहिलेलं बंद पाकीट डॉक्टरबाईंनी टेबलावर ठेवलं. "सर, हे अजून किती दिवस उबवायचं? पिल्लू निघेल आता."

"उघडून काय उपयोग? आधी 'अ' निवडला, मग 'ब', मग पुन्हा 'अ'. माझंच तळ्यात-मळ्यात चाललंय."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, अक्षरं मी दर आठवड्याला बदलत होते. नाहीतर एकदा निवडलेलं अक्षरच तुम्ही धरून बसला असतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तिन्ही वेळा तुम्ही एकाच मुलाला निवडलंय. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

त्यांनी पाकीट फोडलं. चिठ्ठीवर तीन तारखा होत्या आणि तिन्हींपुढे एकच नाव. त्यांनी ते दोनदा वाचलं. मानेतला ताण उतरला, तेव्हा कुठे कळलं की महिनाभर मान आखडलेली होती.

"शिडीला मी स्वतः भेटून सांगेन," ते म्हणाले. तेविसावी ओळ भरली आणि फोन उचलला.

"बोल रे," ताई म्हणाली. "तिकडे ऊन आहे का?"

"ताई, ऊन राहू दे. तुझा लेक संघात आहे."