फ्रेंचचं पहिलं पुस्तक

“काका, तुमची पाळी,” मॅडम म्हणाल्या. “घरी कोण कोण आहे ते सांगा.”

मोटारवाले काका बाकावरून उठले. वर्गातली बाकीची मुलं विशी-बाविशीतली. ती बसूनच उत्तरं देत. काकांना ते जमत नसे. पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळण्यात चाळीस वर्षं गेलेली, बोटांच्या चिरांत वार्निशचा काळेपणा मुरलेला. तेच बोट वहीतल्या ओळीवर ठेवून ते म्हणाले, “झे युन फाम. झे अं फिस.” मला बायको आहे. मला एक मुलगा आहे.

“छान! काय करतो मुलगा?”

काका वहीकडे बघत राहिले. “त्याच्या पुढचं अजून येत नाही मला,” म्हणाले आणि खाली बसले.

मुलगा जाऊन अकरा महिने झाले होते. फ्रेंच बोलणाऱ्या मुलखात नोकरीला गेला, तीन वर्षं राहिला आणि एका सकाळी रस्ता ओलांडताना गाडीनं उडवला. ज्या बाईंच्या घरात तो वरच्या खोलीत राहायचा, त्यांचं पत्र आलं. काकांनी ते एकाकडून वाचून घेतलं. मुलगा गुणी होता, तुमचं दुःख मी जाणते. चारच ओळी. तेवढ्यावर काकांचं भागेना; बाईंशी स्वतः बोलायचं म्हणून त्यांनी वर्गात नाव घातलं.

“कुणाला तरी फोनवर बोलायला सांगा,” बायको म्हणाली. “या वयात जीभ वळणार आहे का तुमची?”

“परक्याच्या तोंडून लेकाचं काय विचारायचं? तांब्याची तार वळते, मग जीभ न वळायला काय झालं?”

जीभ हळूहळू वळली. ऐंशीला तिकडे ‘चार वीस’ म्हणतात हे ऐकून वर्ग हसला, तेव्हा काकांना त्याचं नवल वाटलं नाही. “आमची आजी असंच मोजायची. चार विसा म्हणजे ऐंशी. शहाणी माणसं दिसतात.”

चौथ्या महिन्यात वर्ग सुटल्यावर ते मागे थांबले. “मॅडम, होऊन गेलेल्या गोष्टींचं कधी शिकवणार?”

“भूतकाळ? तो दुसऱ्या पुस्तकात. पुढच्या सत्रात.”

“त्या बाई चार विसा आणि सहाच्या आहेत हो. तोवर थांबतील का?”

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. “मी बोलते तुमच्यातर्फे,” मॅडम म्हणाल्या.

“नको. तुम्ही नुसत्या शेजारी बसा.”

रिकाम्या वर्गात काकांनी पत्राखालच्या नंबरावर फोन लावला. “झ सुई ल पेर.” मी बाप. पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. काकांनी वहीतून वाचून विचारलं: तो काय खातो? किती वाजता उठतो? काकांना वर्तमानकाळच येतो हे बाईंना उमगलं असावं, कारण त्यांनीही एकदासुद्धा ‘होता’ म्हटलं नाही. लहान मुलाशी बोलावं तसं त्या सावकाश सांगत राहिल्या. उशिरा उठतो. माझ्या झाडांना पाणी घालतो. कामावरून आला की… पुढचा शब्द काकांना कळेना. बाईंनी तो तीनदा उच्चारला. मॅडम तोंड उघडणार, तोच काकांनी हात वर केला. मग बाईंनी फोनमध्येच ओठांचा चंबू करून फुंकर घातली. अर्धी हवा, अर्धा सूर.

घरी आल्यावर काका बायकोला म्हणाले, “शीळ घालायचा म्हणे तिथं. रोज, कामावरून आला की. आपल्या घरात कधी ऐकली होतीस?”

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. “घालायचा की,” ती म्हणाली. “तुम्ही बाहेर गेलात की.”

काकांचा कारखाना घराच्याच पुढच्या खोलीत. तारेचे वेढे मोजताना कुणी हूं की चूं केलं तर आकडा चुके आणि काका खेकसत. सारं घर दबक्या पावलांनी वावरायला शिकलं होतं.

ते जाऊन कामाला बसले. अर्धी मोटार तशीच पडली होती. वेढे पडू लागले. आत बायको एकेक भांडं हातानं दाबून, आवाज न करता मांडणीवर ठेवत होती.

काकांचा हात थांबला.

“अगं,” त्यांनी हाक मारली. “वाजू दे भांडी.”

बऱ्याच वेळानं एक झाकण ओट्यावर खणकन पडलं आणि गरगरत थांबलं. काकांचा आकडा चुकला. त्यांनी सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.