दोन पडद्यांवरचा बर्फ

आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या म्हाताऱ्याला शेजारी-शेजारी लावलेल्या दोन्ही टीव्हींवरचा बर्फ सारखाच बदामी दिसत होता. विक्रेत्याने मोठ्या अदबीने ओएलईडी आणि एलईडी यांतला फरक समजावला: एकातला काळोख खोल, दुसऱ्यातला उजेड प्रखर. म्हाताऱ्याला तो काही केल्या पटेना.

“दोन्ही पिवळट. उगाच भाव वाढवू नका.”

“अहो, डावीकडचा पांढराशुभ्र आहे आणि उजवीकडच्यावर निळी झाक आहे. जमीन-अस्मानाचा फरक!” बायको म्हणाली. तिचे दोन्ही मोतीबिंदू गेल्या हिवाळ्यात काढले होते. त्याच्यापुढे मात्र शस्त्रक्रियेचे नाव काढले, की भीतीने तो विषयच बदलत असे.

“मला रंग शिकवतेस?”

“छे! माझा हा स्वेटर कुठल्या रंगाचा, तेवढं सांगा.”

“बदामी. खुलून दिसतो तुला, रोज सांगतो की.”

विक्रेता अवघडून दुसरीकडे पाहू लागला.

“सांगता म्हणून तर सारखा हाच घालते,” ती हळूच म्हणाली. “पण तो पांढरा आहे हो.”

म्हाताऱ्याने तिची बाही बोटांत धरली आणि कितीतरी वेळ सोडलीच नाही.

“आणि तुझे केस?”

“तेही पांढरेच. कधीचे.”

“टीव्ही राहू द्या,” अखेर तो विक्रेत्याला म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने बायकोला विचारले, “अगं, डोळ्यात सुई टोचतात का?”

“मला नुसते थेंब घातले होते. आणि मी दाराबाहेरच बसेन.”