चार बोटं आखूड

वैजयंतीनं पट्ट्याची शिवण तिसऱ्यांदा उसवली आणि कात्री जरा जास्तच जोरात टेबलावर ठेवली.

उद्या पहाटे शेलूबाजारहून गाडी निघणार होती. शाळेतल्या मैत्रिणी, मालवण, चार दिवस. नवे कपडे घ्यायचे नाहीत, असं तिनंच ठरवलं होतं. तीन जुने साधे कुर्ते होते आणि लेकीनं, निकितानं टाकून दिलेल्या झग्यांचे कापडी पट्टे होते. त्यांना मागून साडीच्या काठाचा जोड दिला की ते तिच्या कमरेला पुरत, आणि तोच कुर्ता फोटोत नवा दिसे. काम एका दुपारचं. पण घरात सासू होती.

मनकर्णाबाईंनी जायला हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. नवरा भागवत 'आईले इचार' एवढं सांगून मोकळा झाला होता, आणि आई पट्ट्यांना नावं ठेवत बसल्या होत्या. वैजयंती स्वयंपाकघरात गेली की त्या पट्टे उचलून बघत. ती परत येईपर्यंत निकाल तयार असे.

"आखूड हाये."

तिनं बांधून दाखवला. नीट बसत होता. तर म्हणे, गाडीत बसून पोट फुगतं, खाऱ्या हवेत कापड आटतं. समुद्र गावापासून किती लांब, रात्री त्याचा आवाज येतो का, हेही विचारून झालं. खुसपट काढायला माणसाला काहीही पुरतं. जोड वाढवून वाढवून पट्टा आता कुर्त्यावरून घसरत होता. या बाईपासून चार दिवस सुटका, एवढंच वैजयंतीला हवं होतं. समुद्र नसता तरी ती गेली असती.

तिसरा जोड लावून झाला आणि दोरा संपला. ती दुकानात निघाली, पण रंग जुळवायला तुकडा घ्यायचा राहिला म्हणून फाटकातूनच परत फिरली.

दारात ती थबकली. मनकर्णाबाई कपाटाच्या आरशासमोर उभ्या होत्या. नऊवारी लुगडं, कमरेला निऱ्यांचा जाड घेर, आणि त्यावरून तो निळा पट्टा. त्यांनी श्वास आत ओढून दोन्ही टोकं पुढं आणली. चार बोटं कमी पडत होती. मग त्या जरा तिरप्या झाल्या आणि स्वतःकडं बघत राहिल्या.

वैजयंती पाय न वाजवता मागं सरली. फाटकाची कडी मुद्दाम वाजवून आत आली, तेव्हा पट्टा घडी होऊन जागेवर होता.

"आखूडच हाये वं अजून," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"हो. चार बोटं."

मनकर्णाबाईंनी चमकून वर पाहिलं आणि पदर सारखा करत बसल्या.

वैजयंती अंगणात गेली. तिला मनापासून राग आला होता, म्हातारीचा आणि आपण परत फिरलो त्याचाही. तिनं सहल ठरवणाऱ्या मैत्रिणीला, वर्षाराणीला फोन लावून गाडीत एखादी जागा आहे का विचारलं, आणि नसू दे रे देवा, म्हणून डोळे मिटले.

"एक काय, दोन हायेत," वर्षाराणी म्हणाली. "कोण येऊन राह्यलं?"

वैजयंतीनं सांगितलं. "सासू?" वर्षाराणीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आत येऊन तिनं निळा पट्टा उसवायला घेतला. "आई, पहाटे लवकर उठा लागन. गाडी थांबत नाही कोणासाठी."

मनकर्णाबाईंनी बाकीचे पट्टे पुढं ओढले.

"निळा राहू दे," त्या म्हणाल्या. "तो मेंदीच्या रंगाचा बरा हाये."

वैजयंतीनं तोही उसवला.