दार लावून बघा

मी स्विच बोलतोय. गाडीच्या मागच्या दाराला आतून जे हँडल असतं, त्यात बसवलेला. हँडल ओढलं की मी दाबला जायचो, तारेतून लॉकला निरोप जायचा आणि दार उघडायचं. सात वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. पण माणसांना ऐकण्यापेक्षा बोलण्याची हौस फार.

माझ्या शेजारी आजोबा बसायचे. दर रविवारी ते आजारी बहिणीला भेटायला जायचे. हँडल हळूच ओढायचे. त्यांचा मुलगा मात्र असा हिसका द्यायचा, जणू मी त्याचं काही घेऊन पळालोय.

एका रविवारी आजोबांनी हँडल ओढलं, दार उघडलं नाही. पुढच्या रविवारीही तेच. मुलगा बाहेरून दार उघडत म्हणाला, "बाबा, जोर लावा ना जरा." विजेच्या स्विचला जोर! या गृहस्थाला गाडी कुणी विकली कोण जाणे.

माझा निरोप निघत होता, पण वाटेतच गळत होता.

मग आम्ही इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याच्या नावाच्या पाटीवर 'तज्ज्ञ' हा शब्द नावापेक्षा मोठा होता. त्याने दार सताड उघडं ठेवलं, दार लागल्यासारखं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवलं आणि हँडल ओढलं. खट्. लॉक सुटलं.

"चालतंय की," तो म्हणाला. "आजोबांनाच जमत नसेल. वय झालं."

मुलाला तेवढंच हवं होतं. "मधेच अडकून पडलात तर? बाबा, आता रविवारी घरीच थांबत जा." आजोबा नुसते आपल्या बोटांकडे बघत राहिले. मला मुलाची आणि त्या तज्ज्ञाची किळस आली.

तरी आजोबांनी हट्ट सोडला नाही. पुन्हा गाडी आणायला लावली. आता तज्ज्ञांनी खापर माझ्यावर फोडलं. मला हँडलसकट उपटलं, चिकटपट्टीवर 'खराब' लिहून ती माझ्यावर चिकटवली आणि भंगाराच्या डब्यात टाकलं. नवं हँडल बसवलं. दार पुन्हा सताड उघडं. खट्. "झालं काम."

आजोबा गाडीत जाऊन बसले. "आता दार लावून बघा," म्हणाले.

दार लागलं. आजोबांनी हँडल ओढलं. काही नाही. इलेक्ट्रिशियनने दुसऱ्या बाजूने आत शिरून स्वतः ओढलं, मग हिसडलं. तरी नाही. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

गाडीतून दारात जाणारी रबरी नळी शेवटी सोलली गेली. आत माझा निरोप नेणारी तार तुटलेली. दार उघडं असलं की तिची टोकं एकमेकांना टेकायची, दार लागलं की सुटायची. दार बंद असतानाच उघडायचं असतं, हे या तज्ज्ञाला सुचलं नव्हतं.

तार जोडली. मुलगा लगबगीने बाहेरून दार उघडायला गेला.

"थांब," आजोबा आतून म्हणाले. "मी उघडतो."

दार उघडलं. आजोबा उतरले आणि म्हणाले, "रविवारी दहाला निघू." मुलगा फोन चाळत राहिला. चुकलो, असं मुलगा आणि तज्ज्ञ या दोघांपैकी कुणीही म्हणालं नाही.

मी अजून या डब्यातच आहे. मला परत बसवू नका, माझी तक्रार नाही. फक्त माझ्यावरची ती पट्टी कुणीतरी काढा.