तेजलचं बाळ

डोळे मिटा, मुलांनो, आणि माझ्याबरोबर चला. बदलापुरातल्या एका इस्पितळाचा दुसरा मजला. समोर जाड दार, बाहेर काढून ठेवलेल्या चपलांची रांग. पलीकडे काचेच्या पेट्यांत तळहाताएवढी बाळं निजलेली, अलीकडे बाकांवर त्यांची माणसं. दुपारी ते दार उघडतं आणि भाविका सिस्टर पुकारते, "तेजलचं बाळ."

कोणी उठत नाही.

बारसं झालेलं नसतं, म्हणून तिथे प्रत्येक बाळ आईच्या नावाने ओळखलं जातं. मनगटावरच्या पट्टीवर तेच नाव, पुकारतानाही तेच. अदलाबदल व्हायला नको. पण तेजल बाळंतपणात दुसऱ्या इस्पितळातच वारली होती. बाळ तेवढं इकडे हलवलं होतं. रोज त्या नावाला बाकं गप्प राहायची आणि भाविकाच्या मानेवरून काहीतरी गार सरकायचं. जिला हाक मारली तीच दाराशी येऊन उभी आहे जणू. घरी भाजी निवडतानाही ते नाव तिला आपल्याच आवाजात ऐकू येई.

घरच्यांनी बाळ टाकलं, असंच ती धरून चालली होती. त्या दिवशी मात्र ती बाहेर येऊन एकेका बाकाशी विचारत गेली. तेव्हा कळलं, तेजलची सासू, सोनिवलीच्या कौसाबाई, रोज कोपऱ्यात बसून असतात. शेजारी नात प्राची, तेजलची थोरली.

"मग ओ का देत नाही, आजी?"

कौसाबाईंनी पदर ओठांशी नेला. "मेलेल्याच्या नावाला ओ द्यायची नाय, बाय. जो देतो त्याला ती घेऊन जाते. पोरगा दिवसभर कंपनीत. मी गेले तर हिला कोन?"

भाविका हसली नाही. बाळाला आज पहिल्यांदा पेटीबाहेर काढून घरच्या कुणाच्या छातीशी ठेवायचं आहे, एवढंच तिने सांगितलं. "त्याला अजून दुसरं नावच नाही, आजी. मी पुन्हा पुकारते."

ती दारापर्यंत गेली, वळली.

"तेजलचं बाळ."

कौसाबाईंनी प्राचीचं मनगट घट्ट धरलं. प्राचीने आधी जिन्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"ओ," ती म्हणाली. "मी दिली, आजी. आता तू आत जा."

आणि खाली वाकून ती आजीच्या पायांतल्या चपला काढू लागली.